अक्रोडाची दुहेरी आळी

आधीच सांगून टाकतो. या ग्रुपवर कुणी मनापासून अनुभव लिहिला की खाली "झोप पूर्ण घ्या, बरं वाटेल" अशी कमेंट टाकणारा जो आगाऊ माणूस असतो, तो मीच. आजवर पाच-पन्नास लोकांचा मी असा अपमान केला असेल. त्या सगळ्यांची आधी माफी मागतो आणि मग लिहायला बसतो. माझ्या पोस्टखालीही कुणी तसंच लिहिलं, तर मला राग येणार नाही. उलट ते खरं निघालं तर बरंच होईल.

मी विलास. जळगावात ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान आहे. मूळ घर धरणगावला, तिथे माय एकटी राहते. आबा, म्हणजे माझे वडील, गेल्याच्या गेल्या वर्षी दिवाळीनंतर गेले. आजारी नव्हते. सकाळी घरामागच्या लिंबांना पाणी लावून आले, ओट्यावर बसले, आणि बसल्या बसल्याच…

त्यानंतर आली पहिली आखाजी. खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगतो, अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. तुमच्याकडे त्या दिवशी सोनाराच्या दुकानात गर्दी असते, आमच्याकडे गेलेल्या माणसांना पाणी देतात. नवी घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आंबा, गोडाची सांजोरी ठेवायची. निखाऱ्यावर तुपात भिजवलेला घास टाकायचा — याला आगारी म्हणतात — आणि गेलेल्या माणसाला हाक मारून जेवायला बोलवायचं. आगारीने पेट घेतला की तो आला असं आमच्यात समजतात. मग जेवून तो परत जाईपर्यंत जवळ बसायचं. भरलेली घागर दिवसभर हलवायची नाही. वर्षभरात कुणी गेलं असेल तर ही घागर मुलानेच भरायची, आणि मी एकुलता एक.

आणि नेमका त्याच वेळी मी फ्रान्समध्ये सायकल चालवत होतो!

बुकिंग करताना मी कॅलेंडर पाहिलंच नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे पाहिलं होतं. पण दोन वर्षं ठरत आणि मोडत आलेली ट्रिप होती, आणि माझा स्वभाव असा की एकदा टाइमटेबल बनवलं की ते माझ्या मानेवर बसतं. बायको, वंदना, एकदाच म्हणाली, "यंदा नका जाऊ." माय तर तेवढंही बोलली नाही. निघताना पाया पडलो तेव्हा म्हणाली, "भाऊ, तू जठे शे तठेच भर घागर. पानी बठ्ठीकडे सारखंच ऱ्हास."

पाणी सगळीकडे सारखंच. मी म्हटलं वा, माय मॉडर्न झाली. सुटलो एकदाचा.

सोबत होता इरफान. धुळ्याला त्यांचं सायकलचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आमची ओळख सायकलिंगच्या ग्रुपमधली. चढावर मी शिव्या देत चढतो आणि तो गाणं म्हणत चढतो, एवढाच आमच्यात फरक, बाकी जोडी चांगली जमते. फ्रान्सच्या नैऋत्य भागात दोर्दोन्य नावाची नदी आहे, तिच्या काठाकाठाने आम्ही चाललो होतो. मुक्कामाला तंबू. एका छोट्या गावाबाहेर सिमोनबाई नावाच्या एका वयस्कर बाईंचं शेत होतं, घरामागच्या गवतावर त्या सायकलवाल्यांना तंबू लावू देत. एक नळ, एक लाकडी टेबल, दगडात बांधलेली एक चूल. चुलीशेजारी द्राक्षवेलींच्या छाटणीच्या काड्यांचा ढीग. आपल्याकडे भरताची वांगी कापसाच्या पऱ्हाट्यांवर भाजतात ना, तसे ते लोक या काड्यांवर मटण भाजतात. इरफान ते पाहून इतका खूश झाला की विचारू नका. "विलासभाई, ये तो अपने ही लोग हैं!"

गवताच्या पलीकडे बांधाला लागून अक्रोडाची कोवळी झाडं होती. कंबरेएवढी. पानं मान टाकल्यासारखी लोंबत होती. बाई म्हणाल्या, मुलाने हौसेने लावली आणि तो शहरात निघून गेला, यंदा पावसाने ओढ दिलीय आणि त्यांची कंबर काही वाकत नाही. नळापासून पाइप तिथवर पोहोचत नव्हता. माझ्यातला दुकानदार जागा झाला. मी त्यांना ठिबकवर पंधरा मिनिटांचं भाषण दिलं. त्यांना त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही.

आमचा बेत असा होता की जड सामान बाईंकडेच ठेवायचं, हलक्या सायकलींवर डोंगराकडच्या गावांना दोन रात्रींची चक्कर मारून यायची, मग सामान उचलून रेल्वेने पॅरिस आणि तिथून विमान. त्या चकरेला निघायची सकाळ म्हणजे आखाजी.

आपल्याकडे दुपार व्हायला आली होती, तिथे नुकतीच सकाळ. वंदना धरणगावला मायसोबत होती, तिने व्हिडिओ कॉल लावला. माझी तयारी अशी — घागर म्हणून सायकलची पाण्याची बाटली, तुपाच्या जागी लोणी, पोळीच्या जागी पाव, आणि बाजारातून आणलेलं एक छोटं खरबूज. आंबा मिळाला नाही. सांजोरीचा तर प्रश्नच नव्हता. चूल इरफानने पेटवून दिली आणि तो जरा लांब जाऊन उभा राहिला, हात पुढे बांधून, आपण कुणाच्या घरच्या कार्याला उभे राहतो तसा.

"हाक मार," माय फोनमधून म्हणाली.

शेजारच्या तंबूतलं जोडपं कॉफी पीत आमच्याकडे बघत होतं. मला लाज वाटली. खरंच सांगतो, बापाचं नाव घ्यायची लाज वाटली. मी हळूच म्हणालो, "आबा, या. जेवायला या."

पावाचा तुकडा निखाऱ्यावर टाकला. भप्पकन ज्वाळा उठली. लोणी आहे, पेटणारच! त्यात काही चमत्कार नाही.

पण माय तिकडे पदराने डोळे पुसत होती. "उना," ती म्हणाली. आला. "आते बस त्यानाजवळ. जेवू दे त्याले."

आणि माझं लक्ष घड्याळावर. ऊन चढायच्या आत मोठा चढ पार करायचा होता. मी म्हटलं, "माय, रेंज जातेय इथे… आवाज येत नाहीये…" आणि फोन ठेवून दिला. रेंज एकदम फुल होती.

पुढचं लिहायला हात धजत नाही. बाईंचा नियम होता — निखारे विझवल्याशिवाय जागा सोडायची नाही. नळापर्यंत कोण जाणार? बाटली समोरच होती. मी खरबूज बाजूला ठेवलं, बाटली उचलली आणि आबांच्या नावाने भरलेलं पाणी त्यांच्याच आगारीवर ओतलं. चुर्र आवाज झाला, धूर निघाला. रिकामी बाटली नळावर भरून सायकलला लावली आणि खरबूज कापून टाकलं, निम्मं इरफानला दिलं.

त्याने ते घेतलं नाही.

"बैठ जाते दो मिनट," तो म्हणाला. "बुलाया था तो बैठना चाहिए था."

"अरे, मायच्या समाधानासाठी होतं ते."

तो सायकलकडे वळला. त्या दिवशी चढावर त्याने गाणंही म्हटलं नाही.

दोन रात्री मजेत गेल्या. फोटो काढले, किल्ले पाहिले. आबांची आठवणसुद्धा आली नाही मला, हेही लिहून टाकतो.

तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना परत आलो तर सिमोनबाई फाटकातच उभ्या. माझा हात धरून त्यांनी मला ओढतच बांधाकडे नेलं. वाटलं, काही तोडफोड झाली की काय आमच्या हातून.

अक्रोडाच्या झाडांना आळी केलेली होती.

नळाखालून एक बारीक पाट काढलेला, गवताच्या कडेकडेने उतार बघत बघत बांधापर्यंत आणलेला. पाटातून प्रत्येक झाडाकडे एक तोंड, त्या तोंडाशी माती वाहून जाऊ नये म्हणून एक चपटा दगड. आणि प्रत्येक झाडाभोवती एक नाही, दोन कडी. आतलं लहान कडं बुंध्याला धरून, कोरडं. बाहेरचं मोठं, त्यात पाणी. माती ओली होती, पानांनी माना वर केल्या होत्या. रांगेतली शेवटची तीन झाडं तेवढी राहिली होती.

याला आमच्याकडे दुहेरी आळं म्हणतात. बुंध्याला पाणी लागलं तर लिंबाची साल कुजते, म्हणून तसं करतात. आबांनी कापसाला माझं ठिबक लावू दिलं, पण घरामागच्या लिंबांना हात लावू दिला नाही. त्यांची आळी ते स्वतः करायचे, जमिनीवर बसून, हाताने माती थापत. मी चेष्टा करायचो, "आबा, तुमची ही आळी म्युझियममध्ये ठेवायला पाहिजेत." ते म्हणायचे, "ठेव ना. तठे बी पानी लाई देसू." तिथेसुद्धा पाणी लावून देईन!

बाई मोडक्या इंग्रजीत पुन्हा पुन्हा आभार मानत होत्या. त्यांचा समज, आम्ही निघायच्या आधी पहाटे उठून हे केलं. पण मग त्याच थांबल्या आणि फोनवर भाषांतर करून दाखवलं — पहिल्या दिवशी संध्याकाळी थोडीच झाडं झाली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी आणखी काही, आज सकाळी आणखी. त्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही तर डोंगरात होतो. औजारांच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडेच होती. शेजारचं जोडपं आम्ही निघालो त्याच दिवशी निघून गेलेलं. त्यांनी खांदे उडवले, मग मलाच विचारलं, "कोण?"

मी म्हटलं, असेल कुणी शेजारी. भला माणूस.

इरफान पाटाजवळ उकिडवा बसला होता. त्याने मान वर केली. "घर पे फोन लगा, विलासभाई."

लावला. मायला म्हटलं, गंमत बघ, इथेही आपल्यासारखी आळी करतात. माझा आवाज मलाच खोटा वाटत होता. मायने फोन डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "फोन जवळ ले. आखो जवळ."

मी फोन आणखी खाली, मातीजवळ नेला. ती बघत राहिली.

"तुनाच बाप शे तो," ती म्हणाली. एखादा माणूस एसटी स्टँडवर दिसला असं सांगावं इतक्या साधेपणाने. "कोनाकडे फुकट ऱ्हास नही तो. काम करी ऱ्हायना." काम करतोय म्हणे. मग एकदम तिचा आवाज बदलला. "जेवना का पन तो? तू बसना व्हता ना त्यानाजवळ?"

इरफान समोर उभा होता. मी म्हणालो, "हो, बसलो होतो."

"मंग गया काब्र नही?" मग गेला का नाही, हे तिला उलगडेना. मला सगळं कळत होतं. शेवटी तीच म्हणाली, "त्याले भाषा बी येस नही रे तठली. तीन झाडं ऱ्हाई गयात. अर्धं काम टाकीसन तो येवाव नही. सकायलगून थांब, भाऊ. काम व्हई जाई, मंग संगे लई ये त्याले."

सकाळपर्यंत थांब, काम होऊ दे, मग सोबत घेऊन ये. एवढंच मागितलं तिने.

आमची गाडी संध्याकाळची होती. फोन ठेवल्यावर इरफान म्हणाला, "सुबह की भी ट्रेन है. मैंने देख ली. फ्लाइट मिल जाएगी अपने को."

मिळाली असती. अगदी आरामात मिळाली असती. टाइमटेबल फक्त एका रात्रीने हललं असतं, बाकी काही नाही.

मी थांबलो नाही. इरफानला म्हटलं, वेडा झालास का, अशाने उद्या प्रत्येक खड्ड्यात मला बाप दिसेल. खूप मोठ्याने बोललो. तेव्हा मला वाटलं मी चिडलोय. आता कळतं की मी घाबरलो होतो. थांबलो असतो आणि सकाळी ती तीन आळी झालेली दिसली असती, तर मला मानावं लागलं असतं, की ज्या माणसाला मी ताटावर बोलावलं त्याच्या पुढ्यातलं पाणी मी ओतून टाकलं, आणि तो परक्याच्या दारात उपाशी राबतोय. आणि सकाळी काहीच झालेलं नसतं, तर आबा नाहीतच, कुठेच नाहीत, हे पक्कं झालं असतं. मला दोन्ही नको होतं. म्हणून मी सायकलला बॅगा बांधल्या.

निघताना पट्टा आवळता आवळता बांधाकडे न बघता पुटपुटलो, "आबा, चला." घाईच्या माणसाने घाईत म्हणावं तसं. इरफान मात्र बांधापर्यंत गेला. तिथे उभा राहून काय म्हणाला, मला ऐकू आलं नाही आणि मी कधी विचारलंही नाही.

परत आल्यावर वंदनाला घेऊन जळगावहून थेट धरणगाव गाठलं. माय दारातच. माझ्या मागे बघत होती.

तिने स्वयंपाक करून ठेवला होता. चुलीतले निखारे काढले, तुपाचा घास टाकला, आणि आम्ही तिघं बघत बसलो. तूप वितळलं. थोडा धूर निघाला. घास काळा पडला. दुसरा टाकला, तसंच. साजूक तूप, लाल निखारे, आणि पेट म्हणून घेईना. मी म्हटलं, कोळसा ओला असेल.

"उना नही," माय म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तू थांबना व्हता ना रे भाऊ?"

या वेळी खोटं बोलणं जमलं नाही. सगळं सांगितलं… रेंज, बाटली, निखारे, सकाळची गाडी. वंदना उठून आत गेली. माय शिव्या देईल असं वाटलं होतं, किंवा रडेल. ती निखारे चिमट्याने गोळा करत राहिली, आणि म्हणाली, "तुले लहानपणपासून घाई." बस. याहून जास्त काही नाही. तिने मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी आज हे लिहायला बसलो नसतो.

काही दिवसांनी इरफानच्या फोनवर सिमोनबाईंचा फोटो आला. आम्ही निघालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काढलेला. शेवटची तिन्ही झाडं झाली होती. दुहेरी आळी, तोंडाशी दगड. नळाजवळ पाटाचं तोंड मातीने नीट बांधून टाकलेलं, पाणी देऊन झालं की बांधतात तसं. त्यानंतर तिथे काहीच घडलं नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. झाडं छान आहेत.

मी डोकं खूप चालवलं. शेजारचा कुणी शेतकरी असेल, तिथेही अशी आळी करत असतील, बाईच विसरत असतील. तुम्ही कमेंटमध्ये लिहाल ते सगळं मी स्वतःला आधीच लिहून झालंय. मायच्या चुलीतला त्या दिवशीचा कोळसाही मी दुसऱ्या दिवशी पेटवून पाहिला, चांगला धडाडून पेटला.

तो फोटो मायला दाखवला. तिने तो लांब धरून, जवळ धरून पाहिला. आणि किती महिन्यांनी तिच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं मला.

"मंग निंघना व्हई तो," ती म्हणाली. "पाये पाये येई ऱ्हायना. दूर शे ना. टाइम लागस."

तिच्या हिशेबाने आबा तिथून निघालेत, पायी चालत येतायत. तेव्हापासून ती रोज दुपारी ओट्यावर सावलीत तांब्याभर पाणी ठेवते. शेजारचे विचारतात, ती सांगत नाही. मी दर रविवारी जातो. जळगावहून जाताना रस्त्याच्या कडेने चालणारं कुणी म्हातारं माणूस दिसलं की माझा पाय आपोआप ब्रेकवर जातो. मागे वळून चेहरा बघतो आणि मग पुढे निघतो.

यंदाच्या आखाजीला मी आदल्या दिवशीच धरणगावला गेलो. नवी घागर आणली, विहिरीचं पाणी भरलं. खरबूज, आंबा, सांजोरी, सगळं जिथल्या तिथे. फोन बंद करून आत ठेवून दिला. बाहेर ऊन असं की ओट्यावर पाय ठेववत नव्हता. निखारे फुलले, तुपाचा घास हातात घेतला आणि हाक मारायला तोंड उघडलं. मायने माझा हात धरला.

"हाक नको मारू," ती म्हणाली. "वाटमा व्हई. एवढा उन्हमा घाई करी तो."

मी घास खाली ठेवला. दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं त्या भरलेल्या घागरीजवळ बसून होतो.